खुंटीला टांगलेला तानपुरा

ग्वाल्हेरात सध्या स्टुडिओंचे पीक आले आहे. सिटी सेंटरपासून थाटीपूरपर्यंत कुठल्याही इमारतीचा जिना चढा, एखाद्या दारामागे कोणी आर्किटेक्ट, कोणी लग्नांचे फोटो-व्हिडिओ करणारा, कोणी चंदेरीचे कपडे शिवून विकणारी, नाहीतर दोन मायक्रोफोन मांडून गप्पा रेकॉर्ड करणारी जोडगोळी बसलेली असते. कामे निरनिराळी, पण खोल्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा. एका भिंतीचे प्लास्टर मुद्दाम उकरून विटा उघड्या केलेल्या. कोपऱ्यात कर्ण्याचा ग्रामोफोन, त्याच्याशेजारी टाइपरायटर, वर लाकडी खोक्याचा मर्फी रेडिओ. आणि हे संगीताचे शहर, म्हणून भिंतीवर आडवा किंवा उभा टांगलेला तानपुरा. युनेस्कोने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्वाल्हेरला 'संगीताचे सर्जनशील शहर' म्हणून यादीत घेतले, तेव्हापासून तानपुऱ्याचा भाव आणखी वधारला असावा, असा माझा संशय आहे.

यांतल्या बऱ्याच तानपुऱ्यांना तारा नसतात. तारा असल्या तर घोडी नसते, घोडी असली तर ती जागेवरून सरकलेली असते. एका ठिकाणी भोपळ्याला मागून भोक पाडून आत बल्ब बसवलेला पाहिला. दिसायला छान दिसत होते, खोटे कशाला बोलू? पण गाणाऱ्या घरातल्या माणसाने ते पाहिले असते तर त्याला दोन घास कमी गेले असते.

माझी तक्रार सजावटीवर नाही. काम करायच्या खोलीत चार देखण्या, जुन्या वस्तू असाव्यात असे मलाही वाटते. माझे म्हणणे एवढेच, की कामाच्या खोलीतल्या जुन्या वस्तूकडे तिथे काहीतरी काम असले पाहिजे. मग ते आवाज देण्याचे असो, कागद धरण्याचे असो किंवा नुसते वरून डोळे वटारण्याचे. आणि हे शिकायला पुण्या-मुंबईला किंवा परदेशी मासिकांकडे जायची ग्वाल्हेरकरांना गरज नाही. त्यांच्या लष्करात अशा खोल्यांची दीडशे-दोनशे वर्षांची परंपरा आहे.

लष्कर म्हणजे शिंद्यांचे ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून राजधानी हलवली आणि किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेची छावणी पडली. छावणी उठलीच नाही, तिचेच शहर झाले. ज्या सरदाराचा तळ जिथे, तिथे त्याची गोठ. चिटणीसांची गोठ, महाडिकांची गोठ, फालके बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगता येतात. सरदारांमागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य, कीर्तनकार, गवई आले. ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाची परंपरा रुजली. 'राजकवी' भा. रा. तांबे आयुष्याच्या अखेरीला इथेच राहिले आणि १९४१ मध्ये इथेच गेले. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि त्याच्या अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष.

या माणसांनी घरे बांधली ती इथल्या दगडात. छपराला दगडी पटिया, सज्जाला कोरीव दगडी घोडे, खिडकीला दगडी जाळी. आत मात्र दिवाणखाना मराठी. ही घरे आता पडत आहेत. भाऊबंदकी, कोर्टकज्जे, मुले बंगळूरला किंवा अमेरिकेत, आणि बिल्डर दाराशी. घर उतरवायला काढले की कबाडी अंदाज घ्यायला येतो आणि पितळ, सागवान, काच असे वेगवेगळे करून नेतो. नव्या स्टुडिओंतले पुष्कळसे सामान याच वाटेने आलेले असते. म्हणजे एका अर्थी ते एका कामाच्या खोलीतून दुसऱ्या कामाच्या खोलीत गेले. मधल्या मध्ये हरवले ते त्याचे काम.

जुनी बैठक नीट आठवून पाहा. खोलीभर सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीला लागून गाद्या, लोड, तक्के. खुर्च्या असल्याच तर साहेबासाठी बाहेरच्या पडवीत. छताला हंड्या. भिंतींवर, छताच्या बरेच जवळ, तसबिरींची रांग: महादजी शिंदे, दरबाराचा एखादा समूह-फोटो, घरातले कर्ते पुरुष आणि रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. आज याच ओलिओग्राफना लिलावात मागणी असते. चौकट जुनी, काच फुगीर, चित्र मात्र गेल्या वर्षी डिजिटल छापलेले, असाही माल बाजारात भरपूर आहे. भिंग लावून पाहिले तर दगडी शिळेवरच्या छपाईत रंगाचे बारीक, अनियमित कण दिसतात. आजच्या छपाईत एकसारख्या ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. भिंग वापरायला कोणी बंदी केलेली नाही, तरी वापरत कोणी नाही.

या तसबिरींची एक गोष्ट नव्या स्टुडिओंत कधीच दिसत नाही. त्या भिंतीला चिकटून सपाट नसत. खाली दोन खिळ्यांवर कड टेकवलेली, वर मागून दोरी, आणि दोरी सैल ठेवून चौकट पुढे झुकवलेली. कारण पाहणारा गादीवर बसलेला. मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असते. तिथून वर पाहिले तर सपाट काचेवर खिडकीचा उजेडच चमकतो. चौकट झुकली की काचेची चमक जाते आणि तसबिरीतला माणूस थेट आपल्याकडे पाहू लागतो. गाणे शिकणाऱ्या पोरासाठी हे फार महत्त्वाचे होते. सूर हलला की आधी समोरच्या गुरूकडे, मग आपोआप वरच्या आजेगुरूकडे नजर जायची, आणि दोघेही आपल्याचकडे पाहत असायचे. आता त्याच चौकटी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, लेसरने रेघ मारून, सरळ लावलेल्या असतात. खोलीत बसलेल्या कोणाकडेच त्या पाहत नाहीत.

अशा बैठकींतली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे पंडितांची. शंकरराव पंडित हे हद्दू खाँ-नथ्थू खाँ यांच्या परंपरेतले, निसार हुसेन खाँसाहेबांचे पट्टशिष्य. दरबाराची नोकरी सुटल्यावर निसार हुसेन खाँ पंडितांच्याच घरी येऊन राहिले. एका मराठी ब्राह्मणाच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात मुसलमान उस्ताद वर्षानुवर्षे राहिला, त्याची सारी उस्तवार घराने केली आणि त्या बदल्यात बंदिशींचे भांडार त्या घरात उतरले. या खोलीच्या सजावटीत काय होते, असे कोणी विचारले तर मी आधी खाँसाहेबांचे नाव घेईन. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव (१८९३–१९८९) यांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे त्यांना १९७३ मध्ये पद्मभूषण मिळाले. तोवर १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालयही सुरू झाले होते. राजाभैया पूंछवाले तिथलेच. म्हणजे बैठकीतले गाणे फळ्याशी आणि बाकांशी आले. तानपुरा दोन्हीकडे तोच राहिला.

त्या तानपुऱ्याकडे जरा जवळून पाहू, कारण स्टुडिओवाल्यांचा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत छळलेला जिन्नस तो आहे. चांगला तानपुरा बहुधा मिरजेचा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळवून पोकळ केलेला, दांडी तुणीच्या लाकडाची. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्य देखणे करतात ती त्याची नक्षी, पण बोलते करते ती जवारी. भोपळ्यावरच्या तबकडीवर एक बुटकी, रुंद घोडी असते. तिचा माथा सपाट नसतो. वाद्य बनवणारा तो कानशीने इतक्या अलगद उतरता करतो, की तार त्याला एका बिंदूवर टेकून न थांबता थोडी पुढे घासत जाते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे-मागे केला की बोदा आवाज एकदम उघडतो आणि एका तारेतून अनेक सूर झरू लागतात. खाली मणी असतात, ते सरकवून सुराचा शेवटचा बारकावा साधायचा. जवारीपुरता फक्त धागा बदलता येतो, तो प्रत्येकाने आपल्या कानाने शोधायचा, आणि हवा बदलली की पुन्हा शोधायचा.

म्हणून तानपुरा हे खोलीतले रोजचे काम असते. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, लू वाहते, लाकूड आकसते, तबकडीला बारीक चीर जाते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते, खुंट्या गच्च बसतात. वाद्य वापरात नसेल तेव्हा तारा उतरवून ठेवायच्या, गवसणी घालायची, भोपळा ओलसर भिंतीला टेकू द्यायचा नाही. पश्चिमेच्या उन्हात तर वाद्य ठेवायचेच नाही. आता उघड्या विटांच्या, पश्चिमेला मोठी काच असलेल्या आणि दिवसभर एसी चालू असलेल्या खोलीत खिळ्यावर टांगलेल्या तानपुऱ्याचे काय होत असेल? दोन उन्हाळ्यांत तबकडी भोपळ्यापासून सुटते. मग तो दिवा लावायच्याच लायकीचा उरतो.

उलट बाजूचे उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे. जिवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर होते. ते शिंदे दरबाराचे सरोदवादक. याच शहरात १९४५ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या चिरंजिवांनी, अमजद अली खाँ यांनी, त्या घराचे 'सरोद घर' केले. घराण्यातली जुनी सरोदे, इतर थोरांची वाद्ये, छायाचित्रे तिथे मांडलेली आहेत. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आलीच, ती इथेही आहेत. पण घराचे प्रमाण घराचेच राहिले आहे. खोल्या लहान, अंगण मधोमध, आणि सरोदाचे कातडे, पोलादी पट्टी, नखीने झिजलेली जागा हे सगळे हातभर अंतरावरून दिसते. मला वाद्याच्या झिजलेल्या जागा पाहायला आवडतात. कुठल्या बोटाने जास्त मेहनत केली हे त्या सांगतात. कबाडी बाजारात त्याच झिजेवर पॉलिश मारून ती पुसून टाकतात, आणि वर त्याचे पैसे घेतात.

जयविलास महालाबद्दल लिहिल्याशिवाय ग्वाल्हेरवरचा लेख पूर्ण होत नाही अशी समजूत आहे, म्हणून लिहितो. मायकेल फिलोज याने १८७४ मध्ये बांधलेला हा महाल १८७६ च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी सजवला गेला. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची. छत ती पेलेल ना, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असे प्रत्येक गाइड सांगतो. कापीव काचेचे फर्निचर आहे, मढवलेली छते आहेत. १९६४ पासून महालाचा एक भाग संग्रहालय म्हणून खुला आहे. डोळे दिपतात, पण त्या हॉलमध्ये बसून कोणी चार ओळी लिहू शकेल असे मला वाटत नाही. ती खोली पाहुण्यांसाठी आहे. नव्या स्टुडिओंचे खरे पूर्वज हे, बैठकी नव्हेत. ग्राहक दारातून आत आला की त्याने आधी 'वा!' म्हणावे, ही दोन्हीकडची इच्छा सारखीच.

पण याच महालात माझ्या कसोटीला पुरेपूर उतरणारी एक वस्तू आहे. जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी. डब्यांवर सिंदिया या नावाची सात इंग्रजी अक्षरे, डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. रुळांवरून गाडी पाहुण्यापुढे येते, त्याने सुरई उचलली की थांबते, ठेवली की पुढे निघते. थाटमाट आहेच, पण वाढप्याचे काम चोख करणारा. गाडी माधवराव शिंद्यांची, आणि त्यांचा रेल्वेचा षोक मेजापुरता नव्हता. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे शिवपुरी, भिंड, श्योपूरपर्यंत धावली. तिची शेवटची श्योपूरची फेरी २०२० मध्ये थांबली. त्यानंतर 'नॅरोगेजचा कंदील' म्हणून बाजारात जेवढे कंदील विकले गेले, तेवढे कंदील त्या रेल्वेने साऱ्या हयातीत वापरले असतील का, याची मला शंका आहे.

आणखी एक जिन्नस स्टुडिओंत हमखास दिसतो, खिळ्यांची केस. छापखान्यात अक्षरे ठेवायची ती उथळ, खणाखणांची लाकडी पेटी. ग्वाल्हेर संस्थानाचा आलीजाह दरबार प्रेस होता, 'जयाजी प्रताप' हे संस्थानाचे पत्र निघत असे, आणि गल्लोगल्ली लग्नपत्रिकांचे छापखाने होते. ऑफसेट आले तसे शिसे वितळवायला गेले आणि पेट्या भंगारात आल्या. आता ती उभी करून भिंतीला लावतात, खणाखणांत अत्तराच्या कुप्या, शिंपले, छोटे हत्ती. खण लहानमोठे का, हे ज्यांच्या भिंतीवर ती आहे त्यांना सहसा ठाऊक नसते. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून कितीतरी खिळे लागतात. त्यांतले जे क्षणोक्षणी लागतात त्यांना मोठे खण, तेही जुळाऱ्याच्या हाताजवळ. काना, 'र', 'क' असे खण ऐसपैस आणि कडेने गुळगुळीत झालेले. 'ङ' बिचारा कोपऱ्यात. जुळारी खणाकडे न पाहता खिळा उचलायचा. ती पेटी म्हणजे लाकडात कोरलेली आपल्या भाषेची सवय आहे. टायपोग्राफीचे काम करणाऱ्या एखाद्याने ती आडवी ठेवून, कोणता खण किती झिजला आहे हे नुसते पाहिले, तरी त्याला चार गोष्टी कळतील.

आता चित्रकारांकडे येऊ. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे, मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला. १९२० च्या सुमारास तिथे संग्रहालय उभे राहिले ते संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या हातून. गर्दे साहेबांनी संस्थानभर भटकून शिल्पे, शिलालेख, नाणी गोळा केली. त्यांच्याच काळात बाघच्या गुंफांचे मोठे काम झाले. बाघ आज धार जिल्ह्यात येते, तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथली पाचव्या शतकाच्या आसपासची भित्तिचित्रे ओल, धूर आणि वटवाघळे यांनी झपाट्याने नष्ट होत होती. म्हणून १९२०-२१ मध्ये त्यांच्या नकला करून घेतल्या गेल्या. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांची नावे मात्र आपण क्वचित घेतो: भोसले, आपटे, भांड, जगताप. मराठी मंडळी. लंडनच्या इंडिया सोसायटीने १९२७ मध्ये बाघवर ग्रंथ काढला, त्यात या चित्रकारांच्याही नकला आहेत.

गुंफेत चित्र उतरवणे म्हणजे काय, याची कल्पना करा. आतवर उजेड नाही. छत गळते. भिंतीवरचे रंग काळवंडलेले, पाणी मारले की क्षणभर उजळतात आणि पुन्हा विझतात. हत्तींची मिरवणूक कुठे संपते आणि ओलीचा डाग कुठे सुरू होतो, हे चित्रकाराने ठरवायचे. एकेक रेघ म्हणजे एकेक निर्णय. पुढे मूळ चित्रांचे जे अवशेष उरले होते तेही जतनासाठी भिंतीवरून उतरवावे लागले. आज बाघची मिरवणूक अंगभर पाहायची तर या नकलांकडेच यावे लागते, आणि गुजरी महालात त्या लावलेल्या आहेत. दालनात गर्दी नसते. सारी गर्दी ग्यारसपूरच्या शालभंजिकेपाशी, कुलपात ठेवलेल्या त्या हसऱ्या, हात-पाय तुटलेल्या बाईपाशी असते. तिच्या प्रतिकृती ग्वाल्हेरच्या पिवळसर-हिरवट दगडात, फायबरमध्ये, प्लास्टरमध्ये शहरभर विकायला आहेत, आणि स्टुडिओंच्या स्वागतकक्षात तिचीच स्थापना झालेली असते. चित्रकाराने तिची प्रतिकृती विकत घेण्याऐवजी चार दुपारी वही घेऊन बाघच्या नकलांसमोर बसावे आणि तीच वही भिंतीवर लावावी. भोसले-आपट्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

स्वस्तात हवे असेल तर चितेरी आहे. लग्न ठरले की घराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, हत्ती-घोडे, पालखी, वरात रंगवायची, ही इथली जुनी रीत. चितेरा ओली नावाची गल्लीच आहे. लग्नाच्या भिंती फ्लेक्सने खाल्ल्या, तरी ती कला पुन्हा उचलायचे प्रयत्न चालू आहेत, आणि हाताने रंगवणारे अजून मिळतात. भिंत रंगवायची, दोन-चार वर्षांनी चुना मारून पुन्हा रंगवायची. खरे तर स्टुडिओला शोभणारी याहून चांगली भिंत नाही, पण आमच्या लोकांना चितेरीचा कॅनव्हास प्रिंट हवा असतो, चौकटीसकट.

कलावंताने स्वतःची खोली आपल्याच कामाने कशी भरावी, याची दोन मराठी उदाहरणे ग्वाल्हेरबाहेरची आहेत. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१–१९६७) यांचे घर आहे. पुण्यातला अश्वारूढ शिवाजी त्यांचा. घरात-अंगणात त्यांनी सिमेंटमध्येसुद्धा कामे केली. बागेत म्हैस बसली आहे, ती जवळ जाईपर्यंत खरीच वाटते. ही सजावट नव्हे, हा त्यांचा रियाज बाहेर सांडलेला आहे. दुसरे धारला. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे र. कृ. फडके वसईचे, पण कामानिमित्त धारला गेले आणि तिथलेच झाले. त्यांचा स्टुडिओ तिथे अजून आहे, अर्धपुतळ्यांनी गजबजलेला. दोन्हीकडे विकत आणलेली शोभेची वस्तू शोधूनच काढावी लागेल.

संग्रह करणाऱ्यांची जात वेगळी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्याचे दुकान सांभाळत दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने 'राजा केळकर संग्रहालय' केले आणि सगळे सरकारला देऊन टाकले. वस्तू वापरातून गेली हे त्यांना मान्य होते, म्हणून त्यांनी ती कशासाठी होती हे लिहून ठेवले. स्टुडिओत एवढे तरी करता येते. वस्तूच्या मागे एक चिठ्ठी: कोणाच्या घरातून आली, कोणी वापरली.

चिठ्ठीला आणखी एक कारण आहे, ते कायद्याचे. पुरावस्तू आणि कलानिधींचा कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. मूर्ती, चित्रे अशा प्रकारांची नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही. नंदलाल बोस आणि रविवर्मा यांची मूळ चित्रे तर वय न पाहता कलानिधी आहेत. चंबळच्या टापूत, बटेश्वर-पढावलीच्या अंगाला, शेता-माळावर भग्न शिल्पे विखुरलेली आहेत. 'गावाकडून आलंय' म्हणत कोणी दगडी मुंडके पोत्यातून काढून दाखवले, तर भाव न विचारता दुकानाबाहेर पडावे. हस्तिदंताचेही तेच. जुन्या तानपुऱ्यांवर, पेट्यांवर, बुद्धिबळाच्या सोंगट्यांत ते असते, आणि वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री बंद आहे. आजोबांची पेटी घरात असणे वेगळे, बाजारातून आणणे वेगळे.

शिंदेशाही पगड्यांचे मात्र मला वाईट वाटते. पुढे चोच काढलेली ती घट्ट बांधणी पुन्हा बांधणारे हात कमी झाले आहेत. वाड्यांतून निघालेल्या पगड्या काचेच्या पेटीत, वर पिवळा स्पॉटलाइट टाकून ठेवतात. त्या दिव्याची ऊब आणि उजेड कापडाला वर्षभरात जेवढे जुने करतात, तेवढे तळघरातल्या अंधाराने पन्नास वर्षांत केले नसते. कापड, कागद आणि जुने फोटो यांना अंधार मानवतो. दाखवायचेच असेल तर फोटोची चांगली नक्कल भिंतीवर लावा आणि मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. ओलिओग्राफच्या मागचा जुना पुठ्ठा बदला, कारण चित्राला पिवळे डाग पडतात ते त्या पुठ्ठ्याच्या आम्लाने. लाकडाला पॉलिश करण्याआधी नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने भागते.

लष्करातल्या एका ग्राफिक डिझायनरच्या खोलीत मात्र मन रमले. मुलगा हिंदीभाषक, घर भाड्याचे. त्याने कबाड्याकडून मुनिमाचे डेस्क आणले: सागवानी, गुडघ्याएवढे उंच, वरची फळी उतरती, वर दौतीसाठी गोल भोक, फळी उचलली की आत कप्पे, आणि त्यांत एक चोरकप्पा. सुरुवातीला त्यावर त्याने कुंडी ठेवली होती, ती घसरली. मग कंटाळून एक दिवस त्यावर ड्रॉइंग टॅब्लेट ठेवून पाहिला. उतार मनगटाला बरोबर बसला, दौतीच्या भोकातून चार्जरची तार खाली गेली. पण डेस्क वापरायचे तर जमिनीवर बसावे लागते. खुर्ची गेली, गादी आली. पाठ दुखू लागली म्हणून लोड आला. ग्राहक चकित होतात, काही जण बूट काढायला कुरकुर करतात आणि दारातूनच बोलून निघून जातात. तेवढे तो चालवून घेतो. फळीची एक पितळी बिजागरी तुटली आहे. तसल्या मापाची लोहिया बाजारात कुठेच मिळेना, तेव्हा तो आता त्याच घडणीचे आणखी एक मोडके डेस्क शोधतो आहे, नुसत्या सुट्या भागांसाठी.